नाव न विचारलेल्यांचे आभार

नागपुरात पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा संपत आलाय. घरच्यांचे आभार घरी मानून झाले; हे बाकीच्यांसाठी.

बर्डीवरच्या पार्ट्सच्या दुकानातले काका, भर गर्दीत तुम्ही मला रेझिस्टरच्या रंगपट्ट्या वाचायला लावल्या: पिवळी, जांभळी, लाल, म्हणजे ४.७ किलोओहम. किरकोळ गिऱ्हाइकासाठी कोण एवढं करतं! लॅबमधले दादा, "आधी बोर्डावरचं पॅड अन् पार्टचा पाय दोन्ही तापव, मग सोल्डर लाव. टाका चमकला नाही तर ड्राय, म्हणजे कच्चा, समज बाप्पा," हे तुमचंच. पॉवर सप्लायला हात लावण्याआधी मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करायची सवयही तुमचीच. मे महिन्याच्या उन्हात हिंगणा एमआयडीसीपर्यंत गाडीवर सोडणारे भाऊ, तुम्हालाही धन्यवाद.

आणि काका, मल्टिमीटरची प्रोब पुन्हा तुटली. शनिवारी येतोच.