सहीपुरतं वाचन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली बऱ्याच शाळांतून पाचवी ते आठवीच्या मुलांना रीडिंग लॉग म्हणून एक कागद देतात, रोज किती पानं वाचली ते लिहायचं आणि खाली पालकांची सही घ्यायची. हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घरी काय होतं ते सगळ्या आयांना माहितीये, रविवारी रात्री युनिफॉर्मला इस्त्री करता करता आठवड्याच्या सगळ्या सह्या एकदम मारल्या जातात आणि पुस्तक दप्तरातून बाहेरसुद्धा आलेलं नसतं. मधे कधीतरी बुक रिव्ह्यू मागतात, तोही आता चॅटजीपीटी लिहून देतं, तात्पर्यासकट. टीचरना कळत नाही असं नाही, पण वह्यांचे गठ्ठे तपासता तपासता ते तरी कुठे कुठे बघणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांनी घरी वाचावं असं वाटत असेल तर पानांचा हिशेब मागणं सोडूया आणि वाचलेल्यावर त्यांच्याशी बोलूया. जेवणाऱ्या पोराचे घास मोजत बसलं तर त्याची भूक मरते, तसंच चाललंय हे.

आणि गोव्यात हे जरा जास्तच नडतं. सरकारी प्राथमिक शाळेत मूल चौथीपर्यंत मराठीत नाहीतर कोंकणीत शिकतं, चांगलं घडाघडा वाचायला लागलेलं असतं आणि पाचवीला हायस्कूलात गेलं की विज्ञान, गणित, इतिहास सगळं इंग्रजीत. काल गोष्टीचं पुस्तक एका बैठकीत संपवणारी मुलगी आज सायन्सचा एक पॅराग्राफ तीनदा वाचते आणि मग तिलाच वाटायला लागतं की आपल्याला वाचायला जमत नाही. त्यात आम्ही पालक इंग्रजी सुधारायला पाहिजे म्हणून मराठी पुस्तकं माळ्यावर टाकून मोकळे, मराठी उरते फक्त प्रश्नोत्तरं पाठ करण्यापुरती. म्हणजे हे गेलं आणि ते आलं नाही. माझ्या मते निदान आठवीपर्यंत तरी घरातलं मराठी वाचन अजिबात सोडू नये, वाचताना थांबून विचार करायची सवय एका भाषेत लागली की ती दुसऱ्या भाषेतही कामाला येते. इंग्रजी पुस्तक वाचलं तर ते घरी मराठीत, कोंकणीत, जे तोंडात येईल त्यात सांगू दे. इंग्रजी न येणारी आजी ही तर सगळ्यात भारी श्रोता, कारण तिला काही माहीत असेल असं धरून चालत नाही, मुलाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं आणि सांगता सांगता त्यालाच कळतं की मधलं काहीतरी आपल्या डोक्यात शिरलेलंच नाही.

बोलायचं म्हणजे उलटतपासणी नाही हां. बोध काय मिळाला हा प्रश्न तर विचारूच नका, त्याचं उत्तर मुलांना वाचायच्या आधीच पाठ असतं. एखादाच खरा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्यालाही नक्की माहीत नाही असा. आता आमच्या घरचंच सांगते. २०२० च्या जानेवारीत सत्तरी तालुक्यात गोळावली भागात चार वाघ मेलेले सापडले, मग २०२३ मध्ये हायकोर्टाने तिथलं म्हादई अभयारण्य व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करा असा आदेश दिला, हे सगळं आपल्याच पेपरांत सविस्तर आलेलं आहे. जुनी कात्रणं मुलीपुढे ठेवली आणि विचारलं, आपल्या गावाशेजारी वाघ असावा का? ती लगेच म्हणाली, हो, असायलाच पाहिजे. तिच्या आजोळी सत्तरीत काजूची बागायत आहे, गुरं आहेत, मग मामाची गाय वाघाने मारली तर, असं विचारल्यावर गप्प बसली. दुसऱ्या दिवशी स्वतःच कात्रण काढून परत वाचायला लागली आणि मामाला फोन करून नुकसानभरपाई कोण देतं, किती दिवसांनी मिळते असलं काय काय विचारत बसली. अजून तिचं काही ठरलेलं नाही, माझंही नाही, पण वाचा म्हणून मागे लागावं लागलं नाही. एक वही दिलीये तिला, त्यात मनात येईल ते लिहायचं. त्या वहीतलं शुद्धलेखन मी तपासत नाही, हात शिवशिवतात तरीसुद्धा.

आता पुस्तकं मिळण्याचं. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या गोव्यात आला, पणजीचं सेंट्रल लायब्ररी १८३२ पासूनचं, आता पणजीतच पाटो भागात त्याची एवढी मोठी इमारत आहे. अभिमान आहेच, पण वाळपई, पेडणे, काणकोणच्या सातवीतल्या पोराने कदंबाची बस पकडून पुस्तक बदलायला पाटोला जायचं का? त्याच्या हाताशी असतं ते गावातलं वाचनालय आणि शाळेतलं कपाट. आणि कपाटाला कित्येक ठिकाणी कुलूप, का तर पुस्तक हरवलं तर जबाबदारी टीचरवर येते. अहो, वापरात असलेली पुस्तकं थोडीफार हरवणार, फाटणार, तेवढं नुकसान शिक्षण खात्याने सरळ धरूनच चालावं आणि पुस्तकं घरी जाऊ द्यावीत. मे महिन्याच्या सुट्टीत तर नक्कीच, तेव्हाच खरा वेळ असतो आणि तेव्हाच ते कपाट बंद असतं.

आणि एक विनंती तुम्हाला. पेपरांच्या बालपुरवण्यांत चित्रं रंगवा, फरक ओळखा, विनोद हेच जास्त असतं, ते लहानांना ठीक. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी काहीच नसतं, त्यांना रंगवायला लाज वाटते आणि अग्रलेख जड जातो. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा पाव पान द्या, गोव्यातलीच एखादी बातमी सोप्या मराठीत, मागचापुढचा संदर्भ देऊन, आणि खाली एकच प्रश्न. मुलांची उत्तरं छापा, त्यात एकमेकांविरुद्ध मतं आली तर फारच छान. बक्षीस बिक्षीस काही नको, नाहीतर परत आम्ही आयाच उत्तरं लिहायला बसू.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचं झालं तर वाघाचं कापा, पाव पानाचं तेवढं ठेवा.

आपली नम्र,
एक पालक, डिचोली