शंभर ग्रॅम जिरं खातो कोण?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या आपल्या पुरवणीत जिरं आणि संत्र्याचा रस यांचा तक्ता आला आणि आमच्या घरात संत्री यायची बंद झाली. १०० ग्रॅम जिऱ्यात लोह ६६ मिलिग्रॅम, तेवढ्याच रसात जेमतेम ०.२. म्हणजे तीनशेतीस पट! सूनबाईंचं हिमोग्लोबिन साडेनवावर आलेलं. तिने तक्ता कापून फ्रीजला लावला, रस सोडला आणि सकाळी कोमट पाण्यातून जिऱ्याची पूड सुरू केली. पी हळद अन् हो गोरी, त्यातला प्रकार.

आकड्यांशी माझं भांडण नाही. खोट मापात आहे, आणि मापातलं मला थोडं कळतं. चौतीस वर्षं इंदूरच्या सियागंज बाजारात एका किराणा पेढीवर मुनीम होतो. गुजरातेतल्या ऊंझ्याहून आलेली जिऱ्याची पोती काट्यावर चढताना बघण्यात उमेदीची वर्षं गेली. (ती पोती झटकली की जी माती उडायची, तिच्यातलंही थोडं लोह त्या ६६ मध्ये मोजलं जात असावं, असा आपला माझा एक संशय.) तर घरचा छोटा काटा काढून चहाचा एक सपाट चमचा जिरं तोललं. भरलं २ ग्रॅम. म्हणजे लोह झालं सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. २०० मिलिलिटर रसात ०.४. जिरं पुढे आहे, नाही म्हणत नाही, पण कुठे तीनशेतीस पट आणि कुठे तिप्पट!

आणि चमचाभर तरी कोण खातं? चौघांच्या वरणाला फोडणीत अर्धा चमचा पडतो. वाटणीला पाव ग्रॅम. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. ते नुसत्या जिऱ्यातून काढायचं तर ४४ ग्रॅम, म्हणजे बावीस चमचे. सूनबाईंना हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

तक्त्यात रसाच्या नावापुढे 'क' जीवनसत्त्व ५० मिलिग्रॅम होतं आणि जिऱ्यापुढे ७.७. त्या ओळीकडे घरात कुणी पाहिलंच नाही. खरी गंमत तिथे आहे. धान्य-डाळी-मसाल्यांतलं लोह अंगी लागायला अवघड. सोबत 'क' जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषलं जातं. म्हणजे ज्या दोघांची तुम्ही कुस्ती लावलीत, ते एका ताटात बसले असते तर बरं झालं असतं. आपले इंदुरी पोहेच बघा ना. वाफेवरचे पोहे, वरून जिरावण (जिरं घातलेला मसाला), शेव आणि ताटलीत आल्यावर पिळलेलं लिंबू. हे कुणी तक्ता वाचून जमवलेलं नाही. रसाचीही भलावण करत नाही मी. त्याच ग्लासात सतरा ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि चोथा गाळणीतच राहतो, त्यापेक्षा अख्खं संत्रं सोलून खावं. आगर-शाजापूरची संत्री तर आपल्या दाराशी येतात.

विनंती एवढीच, की पुढचा तक्ता छापताना १०० ग्रॅमच्या रकान्याशेजारी 'एक चमचा' आणि 'एक ग्लास' असे दोन रकाने द्यावेत. किराण्याची यादीसुद्धा आम्ही ज्याच्या त्याच्या मापाने लिहायचो. हिंग आणि गहू एकाच वजनाला लावून भाव सांगितला असता तर गिऱ्हाईक पायरीवरूनच परतलं असतं.

सूनबाईंना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. त्या लिंबूपाण्यासोबत घ्या, पुढेमागे तासभर चहा नको, असं बजावलंय. फ्रीजवरचा तक्ता निघाला, जिरं डब्यात परत गेलं. पोह्यांच्या मागोमाग चहा मात्र अजून येतोच. त्याबद्दल मी कुणाला बोलू शकत नाही, कारण सकाळचा चहा मीच करतो.

आपला,
सियागंजातला एक निवृत्त मुनीम
रामबाग, इंदूर