दुखण्याचं आधीच बोलून घे

पुणे

प्रिय मित्रा,

काल फोनवर हर्नियाच्या ऑपरेशनचं सांगताना "सकाळी जायचं, संध्याकाळी घरी, त्यात काय एवढं" म्हणालास. तेव्हापासून चैन पडेना, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या वर्षी मीही असाच संध्याकाळी घरी आलो. चहा-टोस्ट खाल्ला, आईला म्हटलं, काही दुखत नाही. दुखणार कसं? जखमेपाशी बधिर करायचं इंजेक्शन होतं. त्याचा अंमल काही तासांत उतरतो, हे कुणी बोललंच नव्हतं. रात्री दोनला तो उतरला. कूस वळवता येईना. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायचो. बायकोने मोबाइलच्या उजेडात डिस्चार्ज कार्ड वाचलं. गोळीपुढे नुसतं 'एसओएस'. म्हणजे लागली तर घ्या. पण किती दुखलं म्हणजे लागली? सकाळपर्यंत सोसत राहिलो. वर ती गोळी डायक्लोफेनॅक, पोटाला जड जाणारी. माझ्या जुन्या अल्सरचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोन दिवसांत पोटात नुसती आग.

दुखणं माझं, पोट माझं; मग गोळ्या ठरवताना मला विचारायला नको? मला हे फार लागलंय रे.

म्हणून तू भूलतज्ज्ञांशी आधीच बोल. बधिरपणा साधारण कधी उतरेल, आणि त्याआधीच पहिली गोळी घ्यायची का, हे विचार. पॅरासिटामॉल घड्याळ लावून घ्यायला सांगितली, तर दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जाऊ नकोस. कॉम्बिफ्लॅममध्ये आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही ती असते, तीही मोज. तुझं बीपी आणि रक्ताच्या तपासणीत वाढलेलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) न विसरता सांग, ब्रुफेनसारख्या गोळ्या किडनीला जड जातात. ट्रॅमाडॉल, म्हणजे दुखण्यावरची जास्त कडक गोळी, देणार असतील तर गुंगी, मळमळ, बद्धकोष्ठाचं विचार. टाके ताजे असताना कुंथायची वेळ फार वाईट. आणि काकूंसाठी तुला रात्री दोनदा उठावं लागतं, हेही सांग. ते केस पेपरवर कुठे लिहिलेलं नसतं, पण गुंगीची गोळी चालेल का, हे त्यावरच ठरणार.

रात्री फोन कुणाला करायचा, तो नंबर कार्डावर लिहून घे.

ऑपरेशनच्या रात्री मी तुमच्याकडेच झोपायला येतो. काकूंकडे मी बघेन. वहिनींना सांग, माझ्यासाठी पिठलं-भाकरी पुरे.

तुझाच,
जुना बेंचमेट