बुवा, त्या चिमूटभर बुक्क्याबद्दल

आदरणीय बुवा,
रामकृष्णहरी.

सप्ताह उठून नऊ दिवस झाले. मांडव उतरला, भाड्याची पातेली परत गेली, तरी रात्री दोनला मला अजून जाग येते. समोर येऊन बोलायला गेले तर रडू येईल, म्हणून लिहितेय. आणि चाळीतल्या सगळ्यांनी वाचावं, म्हणून उघडच लिहितेय.

भांडण कशावरून झालं हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. पण लोकांना कळू दे. एकादशीच्या भजनात तळमजल्यावरच्या काकांची चाल रंगली होती. पोरं शिट्ट्या मारायला लागली, तसे आमचे अण्णा ओरडले, "इथं काय डबलबारी चाललीय व्हय?" आता डबलबारी म्हणजे कोकणी माणसाचा जीव. दोन बुवा समोरासमोर आणि रात्रभर एकमेकांना सवाल. काका सिंधुदुर्गचे, अण्णा साताऱ्याचे. काकांना वाटलं, घाटावरच्या माणसानं आपल्या भजनाला नावं ठेवली. पेटी मिटून ते उठले ते उठलेच. (अण्णा पोरांवर ओरडले होते, मी तिथंच बसले होते. सांगायला गेले तर काकू म्हणाल्या, तू बापाचीच बाजू घेणार.)

मग चौदा महिने एका चाळीत दोन हरिपाठ. आषाढीला वडाळ्याच्या विठोबाला दोन दिंड्या, मध्ये शंभर पावलांचं अंतर. १९८२च्या गिरणी संपात एकाच खात्यातले हे दोघे. तेव्हा ह्यांच्या घरचं पीठ त्यांच्या डब्यात जायचं, असं आई सांगायची.

मिटवायला आलेले काही कमी नव्हते. एक पुढारी दोघांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून गेला. तो गाडीत बसायच्या आत दोघांनी तोंडं फिरवली. एका जाणत्यानं मीटिंग घेतली आणि तिच्यात जुन्या वर्गणीचा हिशेब उकरून काढला, म्हणजे एका गैरसमजाचे दोन झाले. तिसऱ्यानं सुचवलं, वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज टाका. हरिपाठ कुणी कुठं म्हणायचा, ह्याचा अर्ज!

तुम्ही डोंबिवलीहून लोकलनं आलात, गुडघ्याला पट्टा बांधून. चहा घेतलात आणि म्हणालात, सप्ताहातल्या वीणेच्या पहाऱ्याची यादी मी लिहितो. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलीत. बारा ते दोन अण्णा, दोन ते चार काका. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. आणि देणाऱ्या-घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं. यादीतली ही मेख आधी कुणाच्याच ध्यानात आली नाही.

पहिल्या रात्री दोन वाजले. वीणा घेऊन अण्णा उभे, मांडवाच्या कडेला काका. पाऊल कुणीच उचलेना. मी वर गॅलरीत. तुम्ही सतरंजीवरून हळूहळू उठलात, डबीतला चिमूटभर बुक्का घेतलात, अण्णांच्या कपाळाला लावलात. मग पुन्हा डबीत बोट न घालता तसेच चालत गेलात आणि उरलेला काकांच्या कपाळाला लावलात. डबी काठोकाठ भरलेली होती, बुवा. संध्याकाळी मीच भरली होती. काकांच्या कपाळावर जेमतेम रेघ उमटली. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, परत जाऊन बसलात.

काका पुढे आले आणि वाकले. अण्णा गडबडले, "आरं, वीणा हाय गळ्यात, वाकू कसा?" काका म्हणाले, "मग आधी ती दे इकडे." चौदा महिन्यांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं.

पहाटे काकड्याच्या आधी दोघं जिन्याच्या पायरीवर चहा पीत होते. काय बोलणं झालं ठाऊक नाही. फक्त काकांचा आवाज वर आला, "पोरांवर ओरडलास होय!"

आपल्यात लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, हे मी लहानपणापासून बघतेय. खरं सांगायचं तर पुष्कळदा ती सवयच असते, हात पायाला लागायच्या आत मागे येतो. त्या रात्री काकांचा हात मागे आला नाही. अशी सात्त्विक, गाजावाजा न करणारी माणसं ह्या गर्दीच्या मुंबईत अजून आहेत आणि ती सेकंड क्लासनं उभी राहून येतात, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

तुमची चष्म्याची डबी इथंच राहिलीय. अण्णा म्हणतात, मी नेऊन देतो. काका म्हणतात, मी. काल त्यावरून दोघांचा आवाज चढला होता. तेव्हा बुवा, तुम्हीच येऊन घेऊन जा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची लेक