धूळ खाल्लीत तुम्ही

पांढऱ्या पिकअपवाले काका,

तुमचं नाव विचारायचं राहिलं, आणि मराठी तुम्हाला येण्याची शक्यता शून्य. तरी लिहितोय, कारण बाबा रोज विचारतात, "त्या माणसाला कळवलंस का?"

अमेरिकेत, युटा राज्यातल्या हॉर्सशू कॅन्यनमधली 'ग्रेट गॅलरी', म्हणजे कातळभिंतीवरची प्राचीन चित्रं, बघून आम्ही परतत होतो. बाबा रत्नागिरीचे, निवृत्त चित्रकला शिक्षक. आपल्याकडची कातळशिल्पं उन्हातान्हात हिंडून पाहिलेला माणूस. जाऊन-येऊन 11 किलोमीटर वाळू तुडवली त्यांनी. गेरूच्या रंगातल्या त्या माणसाएवढ्या, बिनहातांच्या आकृत्यांसमोर अर्धा तास नुसते बसून होते. सगळ्यात मोठी तर 7 फूट उंच. "डोळे बघ तिचे," एवढंच म्हणाले.

परतताना कच्च्या रस्त्यावर वाऱ्याने वाळू आणून टाकलेली. भाड्याची गाडी रुतली. चावी देताना काउंटरवरचा गृहस्थ म्हणाला होता, "कुठेही न्या, बिनधास्त!" फोनला रेंज नाही, पाणी संपत आलेलं. तुमच्याआधी एक भलीमोठी जीप आली. काच खाली झाली, "असली गाडी इथे आणतात का?" असं विचारून झालं, काच वर गेली. निघून गेले.

मग तुम्ही आलात. फावडं काढलंत, टायरांतली हवा कमी केलीत, गाडी बाहेर. त्याचे आभार आहेतच. पण राहून राहून आठवतं ते पुढचं. अंधार पडत होता, हायवे 24 अजून तीसेक किलोमीटर, आणि तुम्हाला जायचं होतं नेमकं उलट्या दिशेला. तुम्ही पिकअप वळवलीत. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. तर म्हणालात, "नको, माझ्या धुळीत तुम्हाला रस्ता दिसणार नाही."

म्हणजे सगळा रस्ता आमची धूळ तुम्ही खाल्लीत. काचा उघड्या होत्या तुमच्या, मी पाहिलंय. बाबा सारखे मागे वळून तुमचे दिवे दिसतायत ना बघत होते.

मदत करणारे भेटतात हो. मदत करता करता अक्कल न शिकवणारे क्वचित. इथे कशाला आलात, म्हाताऱ्या माणसाला का आणलंत, एका शब्दाने विचारलं नाहीत.

डांबरी रस्ता लागला आणि आम्ही उतरायच्या आत तुम्ही दोनदा दिवे मिचकावून परत फिरलात.

बाबांनी तुमचं चित्र काढलंय, त्या गॅलरीतल्यासारखंच, गेरूच्या रंगात. फक्त तुम्हाला हात काढलेत. एकात फावडं आहे.