ताण माणसाचा मोजताय, मग कामाचा कोण मोजणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑफिसातल्या ताणावर आपल्या पेपरात लेख आला की मी तो शेवटून वाचायला घेतो, कारण शेवटी काय असणार ते आता पाठ झालंय, दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या, झोप पूर्ण करा, मोबाईल लांब ठेवा. सल्ला वाईट आहे असं नाही. पण ज्याच्या डोक्यावर दोघांचं काम आहे आणि त्यात तिसरा रजेवर गेलाय, त्याने कितीही खोल श्वास घेतला तरी टेबलावरचं काम तेवढंच राहतं ना?

हल्ली बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदा ताणाचा सर्व्हे घ्यायची पद्धत पडलीये. आमच्याकडे लिंक आली तेव्हा पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलेलं, तुमचं नाव विचारलं जाणार नाही. आणि त्याच्या खालीच रकाने होते डिपार्टमेंट, वयोगट, स्त्री की पुरुष, नोकरीला किती वर्षं झाली. आता आमच्या सेक्शनमध्ये माणसं पाच, त्यात बाई एकच, मग नाव विचारायची गरजच काय? तिने सगळ्या प्रश्नांना 'कधीच नाही' वर टिक मारली, सबमिट केलं आणि चहाला गेली. वरून टीम लीडरचा ग्रुपवर मेसेज, आपला स्कोअर चांगला यायला हवा बरं का, आणि रिस्पॉन्स शंभर टक्के पाहिजे. स्कोअर अर्थातच चांगला आला. मग काही दिवसांनी ताणमुक्तीवर एक वेबिनार झाला, तोही जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे शांतपणे डबा खायचा वेळ मिळायचा तोही गेला.

माझा मुद्दा असा आहे की मोजायच्या गोष्टी दोन आहेत आणि आपण एकच मोजतोय. कामाचा माणसावर बाहेरून येणारा भार, आणि त्या भाराने माणसाच्या आत जे होतं ते. हे दोन वेगळे आहेत हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये, मानसिक भारावरचं आयएसओ १००७५ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९१ पासून आहे आणि त्यात ही फोड केलेलीच आहे. भार सारखा असला तरी अनुभव, तब्येत, हाताशी मदत आहे की नाही यावर कोण किती दमणार ते ठरतं, म्हणून दोन्ही बघावं लागतं. फक्त माणूस मोजला की उपायही माणसावरच होतो, कामाला कोणी हात लावत नाही. छप्पर गळतंय म्हणून घरातल्यांना छत्र्या वाटल्यासारखं आहे हे.

प्रश्नावली कुठली वापरली यानेही बराच फरक पडतो. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ ची पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल खूप वापरली जाते, छोटी आहे, सोपी आहे, पण तिच्यात गेल्या महिन्यात तुम्हाला कसं वाटलं एवढंच विचारतात, नोकरीबद्दल एक अक्षर नाही. घरी आजारपण असो की ऑफिसात रोजची कटकट, आकडा एकच येणार, आणि तो बघून मॅनेजमेंट म्हणायला मोकळी की हे तर त्यांचं घरचं टेन्शन. त्याउलट रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये जो विचार मांडला तो थेट कामाकडे बघतो, कामाची मागणी किती आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा किती. मागणी जास्त आणि मुभा कमी, हे जुळून आलं की माणूस जास्त पिळला जातो. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून सुरू झालेल्या व्हाइटहॉल २ अभ्यासातही ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी होता त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसला. योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये आणखी एक बाजू धरली, कष्ट किती आणि बदल्यात पगार, मान, नोकरीची शाश्वती किती. हे प्रश्न अवघड जागी जातात म्हणूनच कदाचित आमच्या फॉर्ममध्ये नव्हते.

ताण मोजून देणारी मनगटावरची घड्याळं आणि बँड यांच्याबद्दल फार बोलत नाही. हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर कसं बदलतं ते त्यांना कळतं, पण ते साहेबांच्या फोनमुळे बदललं, जिन्यामुळे की दोन कप कॉफीमुळे, ते घड्याळ कुठून सांगणार? लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, ते तर उठल्यावर पहिल्या अर्ध्या पाऊण तासात आपोआप वाढतं, म्हणजे नमुना कधी घेतला यावरच आकडा बदलतो. आणि हा डेटा एचआरकडे जाणार असेल तर माझा त्याला साफ विरोध आहे.

जपानमध्ये डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी दरवर्षी स्ट्रेस चेक घेणं सक्तीचं आहे. निकाल थेट कर्मचाऱ्याच्या हातात पडतो, त्याच्या संमतीशिवाय मालकाला बघता येत नाही, आणि गटाचा निकाल द्यायचा तर दहापेक्षा लहान गटाचा साधारणपणे देत नाहीत. हा शेवटचा नियम आमच्याकडे असता तर त्या बाईंनी खरी उत्तरं लिहिली असती. ब्रिटनमध्ये कामाच्या जागची सुरक्षितता आणि आरोग्य बघणाऱ्या एचएसई या सरकारी संस्थेची २००४ ची पद्धतही बघण्यासारखी आहे, ३५ प्रश्न, आणि त्यांचा रोख कामाचा बोजा, ताबा, आधार, संबंध, भूमिका आणि बदल या सहा गोष्टींवर, म्हणजे दुरुस्त करायचं काय ते तरी कळतं.

खरं तर अर्धं मोजमाप ऑफिसच्या रजिस्टरमध्ये आधीच पडलेलं असतं. ओव्हरटाइम किती, आजारपणाच्या रजा कुठल्या सेक्शनमध्ये वाढल्या, रिकाम्या जागा किती महिने भरल्या नाहीत, रात्री अकरानंतर किती मेल गेले. कामाच्या तासांचंच घ्या, जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना (आयएलओ) यांनी २०२१ मध्ये अंदाज दिला की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार लोक गेले. तास मोजायला कुठलं ॲप लागत नाही. आणि सर्व्हेत एक मोठी फट राहते ती वेगळीच, जो सगळ्यात जास्त थकला तो एकतर राजीनामा देऊन गेलेला असतो किंवा आजारी रजेवर असतो, फॉर्म भरतात ते टिकून राहिलेले. मग सरासरी चांगली येणारच की.

तेव्हा आपल्याला एक विनंती. बहुतेक कर्मचारी आनंदी असल्याची एखाद्या कंपनीची प्रेस नोट आपल्याकडे आली तर छापण्याआधी वार्ताहराने एवढं विचारावं, किती जणांनी फॉर्म भरला, उत्तरं कोणी कोणी बघितली, गेल्या वर्षात किती जण सोडून गेले, आणि मागच्या सर्व्हेनंतर कामात नेमकं काय बदललं. वेबिनार घेतला हे उत्तर धरू नये.

आपला,
एक नोकरदार वाचक