‘जुना पार्ट घेऊन ये’ म्हणणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाना पेठेतल्या तुमच्या काउंटरवर पाटी कसलीच नाही, पण नियम पक्का आहे: जुना पार्ट दाखवल्याशिवाय नवा मिळणार नाही. पहिल्यांदाच जुनी लुना घेतलेला माणूस तुमच्याकडे यादी घेऊन येतो. पिस्टन, रिंगा, कार्बोरेटर, पॉइंट सेट, सीट कव्हर. तुम्ही यादी वाचता, घडी घालून परत देता आणि विचारता, "करंट आहे का?" म्हणजे प्लगला ठिणगी येते का. त्याला ते ठाऊक नसतं, मग तो रिकाम्या हाताने घरी जातो. गिऱ्हाइकाला परत पाठवणाऱ्या दुकानदाराचे जाहीर आभार मानायची पद्धत पुण्यात नाही. परत पाठवायची आहे. तरीही जुन्या मोपेडी दुरुस्त करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या वतीने हे पत्र. तुमच्या त्या एकेका प्रश्नामागे काय काय असतं, तेही इथे मांडतो. नवीन येणाऱ्याची एक खेप वाचेल.

तुमचा पहिला प्रश्न पार्टाबद्दल नसतोच. "आरसी कुणाच्या नावावर?" कायनेटिकची लुना १९७२ साली आली, इटलीच्या पियाजिओच्या ‘चाओ’वर बेतलेली. म्हणजे आज हाताला लागणारी गाडी तीन-चार मालकांच्या हातून गेलेली असू शकते. पैसे देण्याआधी चॅसी नंबर आणि इंजिन नंबर कापडाने पुसून आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघायचे. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ आणि वारसाची कागदपत्रं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते थकलं असेल तर गाडीच्या किमतीत हा खर्च आणि पर्यावरण कर धरूनच बोलणी करायची.

‘व्हिंटेज’ हा शब्द कुणी उच्चारला की तुम्ही हसता, आणि ते बरोबरच आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकीच त्यात बसते. तिला ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, पण ती रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. शिवाय चॅसी, बॉडी, इंजिन मूळचं असावं लागतं. अगदी सुरुवातीच्या लुना आत्ता कुठे त्या वयाच्या झाल्या आहेत. १९८५ची लुना ही जुनी गाडी, बस. तिने मंडईत जाऊन भाजी आणायची असेल तर साधी नोंदणीच चांगली.

निवड करताना नवशिके इंजिनला घाबरतात आणि पत्र्याकडे बघत नाहीत. तुम्ही नेमकं उलटं सांगता. पिस्टन, रिंगा, सील, पॉइंट, केबल हे आजही मिळतं. साइड कव्हर, हेडलाइटची वाटी, टूलबॉक्सचं झाकण, मूळचा बिल्ला हे मिळवायला बुधवार-रविवार जुन्या बाजारात चपला झिजवाव्या लागतात. त्यामुळे जाम झालेलं इंजिन आणि पूर्ण अंग असलेली गाडी ही चालू इंजिनच्या अर्धवट गाडीपेक्षा स्वस्तात पडते. फक्त फ्रेम मात्र नीट बघायची: पायाजवळचे वेल्डिंगचे सांधे, स्टँडची जागा, मागच्या चाकाचे कान. तिथे पेचकस टोचला आणि रंगाचा पापुद्रा आत गेला तर गाडी तिथेच सोडायची.

गाडी घरी आली की पहिला मोह पेडल मारून बघण्याचा. तो आवरायचा. प्लग काढून भोकातून ५ मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी मॅग्नेटचं चाक, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं करंट तयार करणारं चाक, हाताने हलवायचं. कोरड्या सिलिंडरमध्ये गंजलेली रिंग एकदा घासली की बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, रेघ पडते, आणि मग ज्याचं काम ऑइलवर भागलं असतं त्याला लेथवर जावं लागतं. हललं नाही तर डिझेल आणि ऑइल अर्धं-अर्धं भरून तीन-चार दिवस विसरून जायचं. पिस्टनवर लोखंडी पहार ठोकणाऱ्याला तुम्ही जे म्हणता ते इथे लिहीत नाही.

आता करंट. प्लग बाहेर काढून त्याची टोपी लावायची, प्लगचं अंग हेडला (सिलिंडरच्या वरच्या झाकणाला) टेकवायचं आणि पेडल फिरवायचं. प्लगच्या भोकाच्या तोंडाशी धरायचं नाही, आतून पेट्रोलची वाफ येते. ठिणगी निळी, जाड आणि टकटक वाजणारी हवी. पिवळी बारीक ठिणगी बाहेर दिसते, पण आत दाबाखाली पडत नाही. म्हणूनच "ठिणगी आहे तरी सुरू होत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला तुम्ही रंग विचारता. प्लगची फट ०.५ ते ०.६ मिमी. पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारी जोडी. त्यांची फट साधारण ०.३५ ते ०.४५ मिमी, आणि ती पॉइंट पूर्ण उघडले असताना फिलर गेजने मोजायची. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या पॉइंटवर थर बसतो. आधी बारीक पॉलिश पेपर, मग स्वच्छ कागदाचा कपटा ओढायचा. निम्म्या गाड्या इथेच सुरू होतात. पॉइंटवर खड्डा आणि समोरच्या बाजूला टेकाड दिसलं, किंवा चालू असताना पॉइंटमध्येच फटफट ठिणग्या दिसल्या, तर कंडेन्सर गेला.

मॅग्नेटचं चाक काढायला त्याचा पुलरच (चाक ओढून काढायचं हत्यार) लागतो. हातोडीने काढलं तर क्रँक वाकते, चुंबक कमजोर होतं आणि गाडीचा करंट कमी होऊ शकतो. तुमच्या दुकानात पुलर विकत मिळतो आणि अनामत ठेवून वापरायलाही मिळतो, याबद्दलचे आभार वेगळे मोजा. चाक निघालं की दोन गोष्टी बघायच्या. एक, क्रँकवरची अर्धचंद्र चावी. ती अर्धवट तुटलेली असली की चाक किंचित फिरून बसतं, सगळं जागेवर दिसतं आणि टायमिंग मात्र चुकलेलं असतं. माणूस मग कार्बोरेटर सहा वेळा खोलतो. टायमिंग बघायला पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद अडकवायचा आणि चाक चालीच्या दिशेने सावकाश फिरवायचं. कागद सुटतो तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले. या जातीच्या बहुतेक ५० सीसी इंजिनांत त्या वेळी पिस्टन टॉपच्या, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या, १.५ ते २ मिमी खाली असतो. आपल्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

दुसरी गोष्ट, चाकामागचा ओलावा. तिथे तेलकट काळं दिसलं की क्रँकचं ऑइल सील संपलं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. सील कडक झालं की तो हवा ओढतो, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन ओरडत राहतं. नवशिका त्यावर खूश होतो, "काय पळते!" मग दहा-पंधरा किलोमीटरवर पिस्टन चिकटतो. सील तुलनेने किरकोळ किमतीची आहेत. इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही बाजूंची बदलायची, चांगली दिसत असली तरी. तुम्ही न मागता हातावर ठेवता ती एवढी एकच वस्तू.

बोअर करायची, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायची वेळ आली तर आधी पिस्टन विकत घ्यायचा आणि मग ब्लॉकबरोबर (सिलिंडरबरोबर) लेथवाल्याकडे द्यायचा, म्हणजे तो त्या पिस्टनच्या मापाने कापेल. मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी मोठा पिस्टन चालत असेल तर ०.५० ला उडी मारायची नाही. पुढच्या बोअरसाठी तेवढं मांस उरतं. कापून आलेल्या ब्लॉकमध्ये पोर्टच्या (भिंतीतल्या वायू येण्या-जाण्याच्या भोकांच्या) कडा बोटाने चाचपायच्या. धारदार लागल्या तर बारीक पेपरने मोडून घ्यायच्या, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून टोकांची फट मोजायची, ०.१५ ते ०.३० मिमी. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगेची टोकं पिस्टनमधल्या पिनांवर बसली की नाही हे बघितल्याशिवाय ब्लॉक खाली दाबायचा नाही.

तेलाच्या हिशोबावर तुमच्याइतका वाद कुणी घातला नसेल. लिटरला २० मिली म्हणजे २ टक्के, ३० मिली म्हणजे ३. चांगल्या टू-टी ऑइलवर चालू इंजिनला एवढं पुरतं. नव्या बोअरला पहिले ५०० किलोमीटर ४० मिली, आणि सलग फुल ॲक्सिलरेटर नाही. "जास्त तेल म्हणजे जास्त काळजी" हे खोटं. कार्बोरेटरच्या जेटमधून (पेट्रोलच्या बारीक भोकातून) जाणाऱ्या थेंबात तेल वाढलं की पेट्रोल घटतं, मिश्रण पातळ होतं, वर सायलेन्सर कार्बनने चोंदतो तो वेगळाच. मिश्रण बाटलीत हलवून मगच टाकीत ओतायचं.

टाकी गंजलेली असेल तर पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करायचं, अर्धा किलो छोटे नट आत टाकून टाकी साध्या व्हिनेगरने काठोकाठ भरायची आणि २४ तास ठेवायची. अर्धी भरली तर पातळीच्या रेषेवर नवा गंज धरतो. मग हलवून ओतायची, नट मोजून बाहेर काढायचे, सोडा घातलेल्या पाण्याने आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवायची. लगेच वाळवून आतून टू-टी ऑइल फिरवायचं. तासभर जरी ओली राहिली तरी पुन्हा तांबूस होते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुना रबरी पाइप फुगवतं, म्हणून पाइप नवा घ्यायचा आणि आठवडाभर गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवायचं. जेट साफ करायला वायरमधला तांब्याचा एक केस. टाचणी घातली की भोक मोठं होतं आणि नंतर कितीही सेटिंग केलं तरी बसत नाही.

"दहा मिनिटं चालते, मग बंद पडते" या तक्रारीवर तुम्ही काहीच न विकता टाकीचं झाकण उघडायला सांगता. ‘सूं’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. आवाज नाही आणि थंड झाल्यावरच सुरू होते, तर गरम होऊन दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर.

चढावर दम लागतो, बाकी ठीक, तर सायलेन्सर आणि एक्झॉस्ट पोर्टचा कार्बन. पोर्ट बांबूच्या चिपाटीने खरवडायचा. बल्ब मूळ व्होल्टचे आणि मूळ वॅटचेच लावायचे: बॅटरी नसलेल्या गाडीत हेडलाइट उडाला की त्याच्या वाट्याचा करंट मागच्या छोट्या बल्बवर जातो आणि तोही जातो. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. टायरला भेगा असतील तर नक्षी कितीही शाबूत असो, बदलायचे.

रंग सर्वांत शेवटी. चॅसी नंबरवर टेप लावल्याशिवाय घासायचं नाही, त्यावर लांबी (पुट्टी) भरायची नाही. आरटीओत पेन्सिलने छाप घेतात, तो उमटला पाहिजे. रंग आरसीवर लिहिलाय तोच मारायचा.

काका, पावसाळ्याआधी आणखी दोन लुना उघडायच्या आहेत. मॅग्नेटच्या बाजूची दोन सील बाजूला काढून ठेवा. जुनी घेऊनच येतो.

कळावे,
तुमचे परत पाठवलेले आणि परत आलेले गिऱ्हाईक